जीभ, पंजा, सुकतळा

बुटांच्या त्या कारखान्यात वरच्या मजल्यावर शिलाई चालायची आणि शिलाईच्या मजल्यावर रेडिओ चालायचा. रेडिओ म्हणजे मधल्या रांगेतल्या मशीनवरची बाई. तिचं खरं नाव हजेरीपुरतं होतं. एरवी मुकादमापासून खाली कातडं कापणाऱ्यांपर्यंत सगळे तिला रेडिओच म्हणत आणि तिलाही त्यात काही वावगं वाटत नसे. मशीनच्या खडखडाटावर आवाज चढवायची इतक्या वर्षांची सवय, त्यामुळे ती घरी स्वयंपाकघरात बोलली तरी चार घरांना बातमी पोचायची.

बोलायला तिला विषय लागत नसे. पण शिलाईला नवी बाई आली की तिच्या अंगात यायचं. हातात एक तयार बूट घेऊन ती सुरू व्हायची, "हे बघ, बूट म्हणजे माणूसच गं. हे पुढचं टोक, ते नाक. बोटांवर बसतो तो पंजा. दोन अंगांना दोन बाजू. मागे टाचेला धरून ताठ उभी राहते ती पाठ. बंद ओवायची भोकं म्हणजे डोळे, आणि डोळ्यांच्या खाली लपलेली ही जीभ. माणसाची तोंडात असते, याची गळ्यात. तळव्याखाली निमुळती होते ती कंबर. आणि आत, पाय ज्याच्यावर टेकतो, तो सुकतळा. एवढे अवयव ओळखलेस की अर्धं काम आलं."

नवी बाई बिचारी मान डोलवायची. मग पुढचा धडा. "ऑक्सफर्ड कुठला, डर्बी कुठला, कसं ओळखायचं? डर्बी म्हणजे दार सताड उघडं टाकून बसलेली बाई. हिच्या दोन्ही बाजू पंजाच्या वरून शिवलेल्या, बंद सोडले की फडाफडा उघडतात. ऑक्सफर्डनं आतून कडी लावलेली. बाजू पंजाच्या खाली शिवतात. लोफरला बंदच नाहीत, तो आळशी. बेली, ही पोरींची बिनटाचेची, म्हणजे लेकीची जात, मऊ, पायात घातली तर कळत नाही आणि काढली तर चैन पडत नाही." स्वेडच्या लवदार कातड्यावर हात फिरवून ती म्हणायची, "ही मांजर. केसाच्या दिशेनं हात फिरवला तर खूश, उलटा फिरवलास तर लगेच रंग बदलते."

घरी तिचा नवरा. कुलपांच्या कारखान्यात टर्नर होता, आता निवृत्त. त्याच्याकडे शब्द तीन, 'हं', 'बरं' आणि 'बघू'. तेवढ्यावर त्याचा संसार झाला होता, कारण बाकीचं बोलायला ही होती. लेक लहानपणी म्हणायची, "आई दोघांचं बोलते, बाबा दोघांचं ऐकतात." ती लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तिच्या घरी फोन जायचा तोही आईचाच. बाबा शेजारी बसून 'बरं' म्हणत.

आणि एका सकाळी रेडिओ बंद पडला.

डर्बीची बाजू पंजावर चढवत होती. हातखंडा काम, डोळे मिटून केलं असतं. पण टाका सुटला आणि सरळ जायची ओळ दारुड्यासारखी भलतीकडेच चालायला लागली. उजवा हात कातडं धरेना. तिला शेजारच्या मशीनवरच्या बाईला हाक मारायची होती. ती शेजारीण काडीसारखी बारीक, म्हणून तिला सगळे सुई म्हणत. 'सुई, दोरा बघ गं,' असं म्हणायचं होतं. तोंडातून आलं, "चमचा, चमचा बघ गं."

सुई खळखळून हसली. रेडिओची रोज काहीतरी नवी गंमत असायचीच. "कसला चमचा गं ताई?" म्हणत हसत हसत ती वळली, आणि ते हसू तसंच तोंडावर थिजलं. ताईचा एका बाजूचा ओठ खाली लोंबत होता.

"मुकादम! अहो मुकादम, धावा!"

मुकादम तसा तिरसट माणूस. टाका चुकला की दिवसभर धुसफुसायचा. पण त्या दिवशी त्यानं एक शब्दही विचारला नाही. दोघा कामगारांना बोलावलं, तिला खुर्चीसकट उचललं, जिना उतरवला आणि माल न्यायला आलेल्या टेम्पोत बुटांच्या खोक्यांमध्ये बसवलं. स्वतः शेजारी उकिडवा बसून तिचं डोकं धरून राहिला. टेम्पो सुटला तो थेट इस्पितळाच्या दारात.

"वेळेत आणलंत," डॉक्टर नंतर नवऱ्याला म्हणाले. "आणखी उशीर झाला असता, तर आज आपण असं बोलत बसलो नसतो."

ती पलंगावरून ऐकत होती. तिच्या मनात आलं, बोलत कुठे बसलोय? तुम्हीच बोलताय.

पण ते मनातच राहिलं. मेंदूतली एक शीर तुंबली होती. उजवा पाय हळूहळू चालायला लागला, उजवा हात अर्धामुर्धा परतला, ओठही जागेवर आला. शब्द मात्र आले नाहीत. गेले होते असंही म्हणता येत नव्हतं. समोर पेला दिसायचा, त्यात पाणी दिसायचं, घसा कोरडा पडलेला कळायचा, पण 'पाणी' हा शब्द जिथे टांगलेला असायचा त्या खुंटीवर हात गेला की खुंटी रिकामी. दुसऱ्याच खुंटीवरचं काहीतरी हातात यायचं. 'हो' म्हणायला जावं तर 'नाही' यायचं. धड यायचा तो एकच उद्गार, 'अगं बाई!' तो कुठूनही, कधीही, अख्खा यायचा.

भेटायला येणारे लोक तर वेगळीच शिक्षा. नणंद आली ती बहिऱ्या माणसाशी बोलावं तशी कानाशी तोंड नेऊन ओरडली, "वहिनी! ओळखलंस का मला?" हिला म्हणायचं होतं, कान शाबूत आहेत माझे, अंमळ लांब बस. तोंडातून आलं, "अगं बाई!" नणंदेला वाटलं, आपल्या नव्या साडीचं कौतुक झालं. खूश होऊन गेली.

सगळ्यात अवघड झालं नवऱ्याचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, तिच्याशी सतत बोला, तिच्या कानावर भाषा पडू द्या. आता हा माणूस बोलणार काय? पहिल्या दिवशी खुर्ची पलंगाजवळ ओढून बसला, घसा खाकरला आणि म्हणाला, "आज ऊन आहे." मग त्यानं खिडकीकडे पाहिलं. मग, "काल पण होतं."

ती डाव्या हातानं तोंड झाकून हसली. हसायला तरी शब्द लागत नव्हते. तिचं हसू पाहून त्याला धीर आला असावा. हळूहळू त्यानं तोंड उघडलं. कुलपाच्या आत काय काय असतं ते सांगितलं. तरुणपणी एका साहेबाच्या तिजोरीची किल्ली आपण कशी उलटी कापली, ते सांगितलं. लग्नाआधी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती चुलतीशी भांडत होती आणि त्याला मनात वाटलं होतं, चला, आपल्याला आता आयुष्यभर बोलावं लागणार नाही, हेही सांगितलं. एवढी वर्षं एका छपराखाली राहून तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक कसं असणार? तिनं त्याला मध्ये जागाच कुठे दिली होती? पडल्या पडल्या ती ऐकत राहायची, आणि अशा दुखण्यातही तिला वाटायचं, बरं झालं बाई, हे ऐकायला मिळालं.

वाचा शिकवायला इस्पितळात एक बाई होत्या. तरुण, हसऱ्या. नवरा त्यांना बोलक्या बाई म्हणायचा. त्या चित्रांचे पत्ते मांडायच्या. सफरचंद, मांजर, छत्री, घड्याळ. "काकू, हे काय आहे? घाई नाही, सावकाश." काकू छत्रीकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "ते... ते... अगं बाई." घड्याळाला एकदा 'चमचा' म्हणाल्या. मांजरीला काहीच म्हणाल्या नाहीत, नुसत्या रडल्या. बोलक्या बाई न कंटाळता पत्ते पुन्हा पिसत. पण दर खेपेला परत जाताना तिची मान आणखी थोडी खाली गेलेली असायची.

असंच एकदा ती मान खाली घालून बसली होती. समोर नवऱ्याचे पाय होते. पायात लेकीनं पाठवलेले नवे बूट, काळे डर्बी. आयुष्यभर चपला आणि सँडल घातलेला माणूस, बंद बांधायची सवय नाही. डाव्या बुटाचे बंद भलतेच आवळलेले आणि बंदांखालची पट्टी एका अंगाला सरकून बाहेर डोकावत होती. ती बघत राहिली. एवढं चांगलं कातडं आणि अशी दशा! तिच्या आत काहीतरी खवळलं.

"जीभ," ती म्हणाली.

बोलक्या बाई झटकन पुढे झुकल्या. "काय म्हणालात काकू? जीभ? हो हो, शाब्बास! दाखवा, जीभ बाहेर काढून दाखवा."

तिनं जोरजोरात मान हलवली. तोंड घट्ट मिटून डाव्या हाताचं बोट नवऱ्याच्या पायाकडे रोखलं. "जीभ. वा... वाकडी. जीभ वाकडी!"

बाईंना काही कळेना, त्या कावऱ्याबावऱ्या होऊन तिच्या ओठाकडे बघायला लागल्या. नवऱ्याला मात्र कळलं. इतक्या वर्षांचं ऐकणं फुकट गेलं नव्हतं. तो खाली वाकला, बंद सैल केले, बुटाची जीभ ओढून मधोमध आणली आणि वाकलेलाच राहिला. त्याला वर बघायचं नव्हतं.

"ही ना?" त्यानं खालूनच विचारलं.

"हं," ती म्हणाली.

सगळा प्रकार समजल्यावर बोलक्या बाईंनी टाळीच वाजवली. पत्त्यांचा गठ्ठा उचलून टेबलाच्या खणात टाकला. "काका, पुढच्या वेळी बूट घेऊन या. मिळतील तेवढे. काकूंचे शब्द तिथे बसलेत, आपण तिथूनच एकेकाला हाताला धरून बाहेर आणू."

दुसऱ्याच दिवशी नवरा कारखान्यात गेला. इतकी वर्षं बायको तिथे कामाला, पण दाराच्या आत त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. शिलाईच्या मजल्यावर जाऊन तो उभा राहिला आणि त्याला जाणवलं की इथे आपल्यालाच बोलावं लागणार. "मला बूट शिकायचाय," तो म्हणाला. मजल्यावरच्या बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. मुकादमानं एक पोतं मागवलं आणि खोड निघालेल्या, दुकानात न गेलेल्या बुटांनी ते भरायला लावलं. लोफर, पंप शू, घोट्यापर्यंतचे बूट, बेली, एक फाटका गमबूटसुद्धा. सुईनं त्याला स्टुलावर बसवलं आणि ताईनं तिला एकदा शिकवलं होतं तसंच एक बूट हातात घेऊन सुरू केलं, नाक, पंजा, बाजू, पाठ. टर्नर माणूस, लोखंडातला केसाएवढा फरक ओळखणारा, पण कातड्यापुढे गडबडला. पाठ म्हणून बाजूच दाखवायचा. क्रोमनं कमावलेलं खरं कातडं आणि नकली रेक्झिन त्याला सारखंच वाटायचं.

ती गडबडच औषध ठरली. संध्याकाळी तो घरी पोत्यातला एक बूट काढायचा आणि आज शिकून आलेलं म्हणून दाखवायचा. "ही याची कंबर," असं म्हणत त्यानं टाच धरली की ती तिरमिरायची.

"नाही! टा... टाच! टाच ती!"

"बरं. मग हे रेक्झिन."

"का... का-त-डं! अगं बाई! वास... घे वास!"

तो बुटात नाक खुपसून वास घ्यायचा आणि तिला हसू आवरायचं नाही. नवऱ्याची चूक काढायची म्हटल्यावर बायकोच्या अंगात कुठून बळ येतं, ते देवच जाणे. बोलक्या बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही मुद्दाम चुकता का?" काका म्हणाले, "सुरुवातीला नव्हतो."

बुटावरचे शब्द मग अंगावर चढले. बुटाचं नाक सापडलं, तसं एक दिवस बोलक्या बाईंनी तिचंच बोट तिच्या नाकावर ठेवलं, आणि ती दचकून म्हणाली, "नाक. माझं." पाठीमागून पाठ आली. डोळे आले, गळा आला, कंबर आली. अंगावरून शब्द घरात उतरले, पण आपापल्या मापात बसायला त्यांना वेळ लागला. चादर तिच्या लेखी बरेच दिवस अस्तर होती. दाराच्या फळ्या म्हणजे बाजू. "बाजू लावा, गार वारा," असं ती म्हणाली की तो मुकाट्यानं उठून दार लावायचा. शेजारी म्हणायचे, ही काय बोलते कळत नाही. तो म्हणायचा, "मला कळतं." त्याच्या तीन शब्दांत त्या दोन शब्दांची भर पडली होती.

लेकीचा फोन आला तेव्हा त्यानं फोन तिच्या कानाशी धरला. लेकीचं नाव तिनंच ठेवलेलं, किती हौसेनं. ते येईना. डोळ्यांसमोर लेक दिसत होती, पोटात माया दाटली होती, आणि नाव काही खुंटीवर नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "माझी... माझी बेली."

पलीकडे लेक हसली का रडली, कळलं नाही. "हो गं आई," ती म्हणाली, "तुझीच."

सुई मात्र एकदाही घरी भेटायला आली नव्हती. नवऱ्याला कारखान्यात शिकवायची, पोत्यात नवे बूट घालून द्यायची, पण घरी चल म्हटलं की काम काढायची. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तोच तिला घेऊन आला. ती दारातच उभी राहिली. बारीक चण, त्यात आणखीच आकसलेली.

"ताई," ती म्हणाली, "त्या दिवशी मी हसले गं. तुला तसं झालं आणि मी हसले. तुला तोंड कसं दाखवू?"

रेडिओनं डाव्या हातानं पलंगावर थोपटलं, ये, बस. मग वाक्य जुळवायला लागली. वाक्य जुळवणं म्हणजे कडक कातडं बुटाच्या लाकडी फरम्यावर ओढून बसवण्यासारखं होतं. एक टोक ओढावं तर दुसरं सुटायचं. नवरा शेजारी उभा होता. शब्द सुचवायचे नाहीत, वाट बघायची, असं बोलक्या बाईंनी त्याला शिकवलं होतं. तो वाट बघत राहिला.

"हसलीस," ती म्हणाली. "हसलीस... म्हणून... वळलीस. वळलीस... म्हणून... दिसलं."

सुईला समजायला क्षणभर लागला. हसली नसती तर मान वर केली नसती. मान वर केली नसती तर टाके घालत राहिली असती, आणि शेजारी ताई किती वेळ तशीच बसून राहिली असती, कोण जाणे. सुईनं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडली. रेडिओ तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "अगं बाई, अगं बाई," एवढंच म्हणत होती, पण या वेळी तिला तेच म्हणायचं होतं.

चालणं सुधारलं तरी उजव्या पावलात जोर कमी होता. रोज सकाळी फिरायला निघण्याआधी नवरा तिच्यापुढे जमिनीवर बसायचा, तिचं पाऊल मांडीवर घ्यायचा, बोटं सरळ करायचा आणि बूट चढवायचा. आधी जीभ मधोमध, मग बंद, फार आवळायचे नाहीत, फार ढिले नाहीत. आता हे काम त्याच्या हातात बसलं होतं. एकदा ती वरून त्याच्या विरळ होत आलेल्या केसांकडे बघत होती. काहीतरी बोलावंसं वाटलं. आभाराचे शब्द आपल्या माणसांत आपण वापरत नाही, आणि तिच्याकडे तर ते उरलेही नव्हते. तरी काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

"तुम्ही," ती म्हणाली, आणि थांबली. तो मान वर करून बघत राहिला. "तुम्ही... सुकतळा."

त्याचे हात थांबले. "म्हणजे पायाखालचा?"

ती गडबडली. मान हलवली, पुन्हा हलवली. "आतला," ती म्हणाली. "दि... दिसत नाही. सगळं वजन... त्यावर."

त्यानं बंदाची गाठ मारली, ती सुटली, पुन्हा मारली. "बरं," म्हणाला शेवटी, आणि उठून काठी आणायला आत गेला. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ लागला त्याला काठी सापडायला.

मशीनवर ती परत बसू शकणार नव्हती. उजव्या हाताला टाक्याचा अंदाज उरला नव्हता. मुकादम घरी येऊन गेला, चहा प्यायला, छताकडे बघत म्हणाला, "जोड्या लावायला माणूस लागतंय. त्याला डोळे लागतात, हात एक पुरतो." तयार झालेल्या डाव्या-उजव्या बुटांची जोडी जमवायची, रंग, पोत, उंची सारखी आहे ना बघायची आणि खोक्यात घालायची, असं ते काम. तिला म्हणायचं होतं, मुकादम, तुम्ही टेम्पोत माझं डोकं धरून बसला होता, ते मला आठवतंय. ती म्हणाली, "तुम्ही... डोकं... माझं." मुकादम घाईघाईनं उठला. "ते राहू दे आता. सोमवारी ये."

सोमवारी खिडकीजवळ तिच्यासाठी एक टेबल मांडलेलं होतं. टेबलाच्या एका अंगाला डावे बूट, दुसऱ्या अंगाला उजवे. ती डाव्या हातानं एकेक उचलून उन्हाकडे धरायची. बायका अधूनमधून वळून बघायच्या आणि आपण बघतच नाही असं दाखवायच्या. दुपारच्या आत एक तपकिरी लोफर तिनं बाजूला काढला. दुसरा त्याच मापाचा, त्याच नंबरचा, पण पंजाचं कातडं एक छटा लालसर. शेळीच्या पोटाकडचं कातडं असावं, पाठीकडचं नव्हे.

"का गं ताई, चांगला तर आहे," सुईनं विचारलं.

"हे," ती दोन्ही बूट वर धरायला गेली, उजवा निसटला, पुन्हा उचलला. "हे... नवरा-बायको... नाहीत. हा... शे-जा-री."

मजला हसून हसून आडवा झाला. मुकादमसुद्धा पाठ फिरवून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते.

सुट्टी झाली तेव्हा नवरा फाटकाशी उभा होता. ती बाहेर आली, त्याचा दंड धरला आणि दोघं चालायला लागली. ती सांगू लागली. एक वाक्य फाटकापाशी सुरू झालं ते कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दुकानापाशी संपलं. त्यानं एकही शब्द पुढे केला नाही. वाटेत ओळखीचे दोघेतिघे भेटले, त्यांना त्यानं हातानंच थांबवलं, आमचं बोलणं चाललंय म्हणून. घर आलं तेव्हा तिचा अर्धाच दिवस सांगून झाला होता. उरलेला तिनं जेवताना सांगितला.